‘फुकट’ या शब्दाची झडती

संपादकांनी मला यंदाच्या जयंतीच्या कविसंमेलनात वाचल्या गेलेल्या कवितांवर लिहायला सांगितलं होतं. सतरा जणांनी कविता वाचल्या. त्यातल्या सोळांवर लिहिण्याआधी सतराव्याचा हिशेब करणं मला भाग आहे, कारण तो सतरावा मीच होतो आणि त्या एका कवितेनं मला नंतर नीट झोपू दिलं नाही. सूतगिरणीत रात्रपाळी करणारा माणूस तसाही कमीच झोपतो म्हणा. बाकीच्या सोळा मित्रांची माफी मागतो. त्यांच्यावर दुसऱ्या कुणीतरी लिहावं.

माझ्या कवितेतलं ज्या कडव्यानं टाळ्या घेतल्या ते असं होतं :

नको तुमचं अनुदान, नको रांगेतली भीक
आमच्या मनगटाला काम द्या, काम
दीड हजारात विकला जाईल
इतका स्वस्त नाही भीमाच्या लेकराचा घाम

टाळ्या लई पडल्या. एकानं ‘वन्स मोअर’ म्हणून आरोळी दिली, मी पुन्हा म्हणलं, पुन्हा टाळ्या. पुढं सतरंजीवर आमची आत्या बसली होती. ती विधवा आहे. वय कागदावर एकसष्ट, खरं तिलाही ठाऊक नाही. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे घेते. कार्यक्रम संपल्यावर माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "लई जोरात म्हणलास रं लेकरा. लोकांनीबी लई टाळ्या वाजिवल्या. पर येक सांग, माझं पैसं बंद करा म्हून सांगिटलास का तू?"

मी म्हणलं, "न्हाई आत्या, ते सरकारला म्हणलंय."

"तेच की. सरकारलाच सांगिटलास नव्हं, बंद करा म्हून?"

मित्रहो, आजवर माझ्या कवितेवर जेवढी टीका झाली त्यात ही सगळ्यात नेमकी. मी हसून वेळ मारून नेली. पण पाळीवर गेल्यावर, सायडरचं काम करताना, म्हणजे फ्रेमच्या दोन बाजू सांभाळत तुटलेले धागे जोडताना, तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. दीड हजार रुपये घ्यायला आत्या बँकेच्या दारात सकाळी नऊपासून बसते, आणि मी माईकवरून तिच्या त्या बसण्याला ‘भीक’ म्हणलो. तेही बाबासाहेबांच्या फोटोखाली उभं राहून.

मग मी ‘भीक’ आणि ‘फुकट’ हे शब्द मला कुठून मिळाले ते शोधायला लागलो. वाट आमच्या वस्तीतून निघाली नाही, वरच्या आळीतून निघाली. शाळेत शिष्यवृत्तीचे फॉर्म वाटले जायचे तेव्हा वर्गातली पोरं कुजबुजायची, ‘सरकारचे जावई’. हा शब्द आपल्यापैकी प्रत्येकानं ऐकला आहे. 1978 च्या नामांतराच्या जाळपोळीतही तो मराठवाड्यात तोंडोतोंडी होता असं जुनी माणसं सांगतात. एवढी वर्षं टिकलेला शब्द आहे, तर एखाद्या कवितेसारखाच तो तपासायला पाहिजे.

मराठी घरात जावई किती मोठा माणूस! धोंड्याच्या महिन्यात त्याला बोलावणं, त्याच्या ताटाभोवती रांगोळी, पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, आणि जाताना हातात काहीतरी भारी. सासरा कर्ज काढून करतो आणि त्याला कुणी ‘फुकट्या’ म्हणत नाही. म्हणजे त्यांच्या घरात हा शब्द मानाचा आहे. तोच गावकुसाबाहेर आला की शिवी होतो. शब्द तोच, माणूस बदलला. बरं, सरकार आमचा सासरा, तर त्यानं आम्हाला लेक कुठली दिली? ताट कुठलं वाढलं? माझ्या बी.ए.च्या पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती खात्यावर आली तेव्हा मी कॉलेज सोडून रिंगखात्यात डॉफर म्हणून लागलेलो होतो. असा जावई कुणाच्या घरी बघितलाय का, जो जेवणाचं ताट येईपर्यंत म्हातारा होतो?

आणि बाबासाहेबांची गोष्ट तर तुम्हाला माहीतच आहे. 1913 साली बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले, परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार लिहून देऊन. 1917 साली करार पाळायला गेले, तर बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. अनुदानाचा करार पाळायला आलेल्या माणसाला काम करू दिलं नाही ते गावानं. हे विसरून आपणच अनुदान म्हणजे लाचारी असं म्हणायला लागलो तर मग झालं.

आता ‘फुकट’. हा शब्द आपल्या भागात नेमका कुणी कुणाचं खाल्लं त्यासाठी वापरायला पाहिजे? आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळे आहे. फेब्रुवारी 1941 मध्ये बाबासाहेब तिथं आले होते, महार-मांग वतनदार परिषदेसाठी. जयंतीत आपण त्या गावाचं नाव घेतो, पण परिषद कशावर होती ते पोरांना विचारा, दहातल्या आठांना सांगता येत नाही. ती वतनावर होती. वतन म्हणजे काय? सरकारनं नि गावानं दिलेलं अनुदानच की! तुकडाभर जमीन, थोडं बलुतं, दारोदारची शिळी भाकर, आणि त्याच्या बदल्यात अख्ख्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या चोवीस तास गावाच्या नि सरकारच्या हाकेला उभं राहायचं. येसकराची काठी धरायची, साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं, मयताचा सांगावा पंधरा-वीस मैल पायी न्यायचा, वेशीत जागायचं, ढोरं ओढायची. कामाचे तास नाहीत, मजुरीचा दर नाही, ‘आज जमत न्हाई’ म्हणायची सोय नाही. 1874 च्या मुंबई इलाख्याच्या वतन कायद्यात हे सगळं सरकारी शाईनं पक्कं झालेलं. बाबासाहेबांनी 1928 साली त्यात दुरुस्तीचं बिल मुंबई कौन्सिलात आणलं. शेवटी 1958 च्या कायद्यानं ही कनिष्ठ गावकीची वतनं गेली.

एवढा काळ गावानं आपलं काम फुकट खाल्लं. त्या गावाला मराठी भाषेत काय शब्द आहे? मी शोधला, मला सापडला नाही. ‘ऐतखाऊ’, ‘आयतोबा’, ‘फुकटचा फौजदार’, ‘रिकामटेकडा’, मोजून थकाल इतके शब्द ह्या भाषेत न राबणाऱ्याला आहेत. राबवून घेऊन दाम न देणाऱ्याला जो शब्द आहे तो ‘मालक’. टीकाकार म्हणवणाऱ्यांनी कधी तरी भाषेची ही बाजू लिहावी.

फुकट मिळालेल्याची दुसरी एक गोष्ट ह्याच जिल्ह्यातली. माझ्या जन्माआधीची, पण घरोघर सांगितली जाते. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप. किल्लारीचं नाव सगळ्यांना माहीत आहे, आपल्याकडं आताच्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर गेलं, उमरग्याच्या बाजूची गावं गेली. जगभरातून पैसा आला, जागतिक बँकेचं कर्ज आलं, नवी गावं वसवली. जी गावं पुरती हलवली तिथं घरं वाटताना नियम काय होता? भूमिहीनाला 250 चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला 400, आणि मोठ्या जमीनदाराला 750. घर पडलं सगळ्यांचं, रक्त सगळ्यांचं सांडलं, पण फुकटचं घर ज्याची जमीन मोठी त्याला मोठं. ती घरं घेतली म्हणून 750 वाल्याला कुणी ‘सरकारचा जावई’ म्हणलेलं मी तरी ऐकलं नाही. म्हणूही नये. संकटात माणसाला घर मिळालंच पाहिजे. मी फक्त एवढं विचारतो की तो शब्द तेव्हा कुठं गेला होता?

असो. आता ‘आमच्या टॅक्सच्या पैशावर’ ह्या वाक्याकडं येतो. हे वाक्य आमच्या गिरणीत चहाच्या टपरीवरही चालतं. माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला एक कपात असते, व्यवसाय कर, 200 रुपये. फेब्रुवारीत 300. वर्षाचे अडीच हजार. बरीच वर्षं मला हा कर कशाचा हे ठाऊक नव्हतं. युनियनच्या एका जुन्या माणसानं सांगितलं, मग मी वाचलं.

1972 चा दुष्काळ. आपले आजे-आज्या खडी फोडायला गेले ती साल. मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडी खाऊन लोकांनी नालाबंडिंगची, पाझर तलावाची, रस्त्याची कामं केली. आज आपल्या जिल्ह्यात ज्या कित्येक रस्त्यांवरून मोटारी पळतात त्यांची खडी त्या बायकांनी मांडीवर पोर घेऊन फोडलेली आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. सरकारची दया म्हणून नाही, कायद्यानं. आणि त्याला पैसा लागतो म्हणून 1975 साली व्यवसाय कराचा कायदा करून नोकरदारांवर, व्यापाऱ्यांवर कर बसवला. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं घालायची. म्हणजे तो कर मूळचा हमीच्या कामासाठी. म्हणजे टॅक्स मीही भरतो. आत्यासुद्धा काडेपेटीपासून साबणापर्यंत सगळ्यावर भरते. ‘आमचा टॅक्स’ म्हणणाऱ्यांनी त्यातला ‘आम्ही’ जरा मोजून घ्यावा.

हमीच्या कामावर पहिल्यापासून एक टवाळी आहे : ‘माती उकरायची आणि झाडाखाली बसायचं.’ ही टवाळी करणारानं कधी खड्डा मापून दिलेला नसतो. हमीवर मजुरी मापावर. आठ तास राबूनही माती कठीण लागली तर माप कमी आणि पैसा कमी. माझ्या मायनं दिवसभर मुरूम खणून अर्ध्याच रोजाचे पैसे आणलेले मला आठवतात. पुढं 2005 च्या केंद्राच्या कायद्यात शंभर दिवसांची हमी आली. पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकारभत्ता, असं कागदावर. तो भत्ता घेतलेला माणूस मी अजून शोधतोय. 2023 पासून दिवसातून दोनदा मोबाइलवर फोटो काढून हजेरी. साहेबाच्या ऑफिसात दिवसातून दोनदा फोटो काढायचा नियम केला तर काय होईल, हा विचार मनात आला म्हणून सांगतो.

एवढं करून कामचुकार कोण? आपल्या भूम, वाशी, कळंबच्या बाजूनं दिवाळीच्या आगंमागं ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला पहाटे तीनला फडात उतरायचं. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, पुढच्या वर्षाला ओढली जाते. हा जिल्हा आळशी आहे असं म्हणणाऱ्यानं एक रात्र त्या ट्रकमध्ये बसून बघावं.

मग राग कशाचा आहे? काम करत नाहीत ह्याचा राग नाही, हे मला आत्याच्या गुडघ्यानं शिकवलं. मागच्या पावसाळ्यात सोयाबीन खुरपायच्या दिवसांत एक शेतकरी सकाळी सातला मोटारसायकल घेऊन वस्तीत आला. नाव घेत नाही, माणूस वाईट नाही, लग्नाकार्यात येतो-जातो. अडीचशे रोज, दहा बायका पाहिजेत. आत्या म्हणाली, "मी न्हाई येत दादा आज. गुडगा सुजलाय." माझ्या आठवणीत पहिल्यांदा ती असं म्हणाली. ह्याआधी गुडघा सुजत नव्हता असं नाही. ताप अंगात घेऊन ती गेलेली आहे, माझा फुफा गेला त्याच्या पंधराव्या दिवशी गेलेली आहे. त्या दिवशी घरात पंधरा दिवसांचं पीठ होतं, निराधारचे पैसे दोन दिवसांपूर्वी उचलले होते, म्हणून गुडघ्याला दुखायची परवानगी मिळाली. त्यावर तो काय म्हणाला? "सरकारनं माजिवलंय तुम्हाला."

‘माज.’ खरा शब्द हा आहे, मित्रहो. ‘फुकट’, ‘आळस’, ‘जावई’ ही त्याची वरची कापडं. वतनदाराला ‘न्हाई’ म्हणता येत नव्हतं. सालगड्याला पाडव्याला एकदा साल धरलं की पुढच्या पाडव्यापर्यंत ‘न्हाई’ म्हणता येत नव्हतं. आज दीड हजारात एखादी म्हातारी वर्षातून चार सकाळी ‘न्हाई’ म्हणती, तर त्याला माज म्हणायचं. ‘लोकांना कामच नको’ ह्याचा मराठीतला खरा अर्थ ‘लोकांना माझ्या बांधावर, माझ्या दरानं काम नको’ एवढाच आहे. आणि हा राग नुसता बांधावर राहिला नाही, तो कायद्यातही गेला. डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं 2005 च्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. त्यात दिवस शंभराचे 125 केले, पण पेरणी-काढणीच्या ऐन हंगामात वर्षातले साठ दिवस सरकारी काम बंद ठेवायची तरतूद घातली. का? तर शेतीला मजूर मिळावेत म्हणून. ज्या दिवसांत मजुराला भाव मागायची थोडी सोय, नेमकं त्याच दिवसांत हमीचं दार बंद. मोटारसायकलवरून वस्तीत आलेल्या त्या माणसाचं म्हणणं दिल्लीत पोचलं. आत्याचं कुठं पोचलं? तिच्या भाच्यानं तर माईकवरून उलटंच सांगितलं.

शेतकऱ्यांचं दुखणं मला कळतं. सोयाबीनला भाव नाही, खतं महाग, मजुरी द्यायला त्याच्याकडं नाही. पण त्याला मिळणाऱ्या पैशाचं नाव बघा. 2019 ची केंद्राची योजना, वर्षाला 6 हजार : ‘किसान सन्मान निधी’. 2023 पासून राज्याची आणखी 6 हजारांची भर : ‘महासन्मान निधी’. सातबाऱ्यावर नाव असेल तर सन्मान. ज्याचा सातबाराच नाही, जो त्याच रानात आयुष्यभर वाकला, त्याला सन्मान नाही. 2024 च्या निवडणुकीआधी आली ती ‘माझी लाडकी बहीण’, महिन्याला दीड हजार, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखापर्यंत चालतं. आणि 1980 पासून चालत आलेली आमच्या आत्याची ती ‘निराधार’. तिला उत्पन्नाची अट वर्षाला 21 हजार. दिवसाचे सत्तावन्न रुपये झाले. 2019 ला तिचे हजार झाले, 2023 ला दीड हजार. रक्कम आता लाडकीएवढीच, पण दीड हजार आधीच मिळतात म्हणून तिला लाडकीचा फॉर्म भरता येत नाही. म्हणजे सरकारदरबारी माझी आत्या निराधार आहे, लाडकी नाही. मान, माया आणि कीव, तिन्ही सरकारी कागदावर वेगवेगळ्या माणसांना वाटून दिलेली. योजनांची ही नावं कुणीतरी बसून लिहितो, त्यालाही शब्द कळतात. कवितासंग्रहाच्या नावावर आपण तासभर वाद घालतो, ह्या नावांवर कधी घातला?

मे 2025 मध्ये सामाजिक न्याय खात्याचे 410 कोटी रुपये लाडक्या बहिणींच्या हप्त्याकडं वळवले, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी बोलून दाखवली. आपल्या पोरांच्या वसतिगृहाचा, शिष्यवृत्तीचा पैसा. आमच्या वस्तीतल्या चाळीसभर बाया लाडकीचे पैसे घेतात. मी त्यांना काय सांगू, ‘तुमच्या पोराच्या ताटातलं काढून तुमच्या ताटात वाढलंय’ म्हणून? सांगितलं. एकजण म्हणाली, "पोराचं तरी कुठं येळंवर यायलंय? हे म्हैन्याला येतंय." ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आता एक अवघड गोष्ट. 12 फेब्रुवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयात शहरातल्या बेघरांच्या निवाऱ्याचा खटला चालू असताना न्यायमूर्ती भूषण गवई ह्यांनी तोंडी शेरा मारला. मोफत वाटपातून आपण परजीवींचा वर्ग तर निर्माण करत नाही ना, असा त्याचा आशय होता. लाडकी बहीण योजनेचं नाव त्यात आलं, शेतकऱ्यांना मजूर मिळेनासे झालेत हेही आलं. पुढं मे 2025 मध्ये ते सरन्यायाधीश झाले, देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश, तेव्हा आमच्या वस्तीत पेढे वाटले. मीही वाटले, आणि पुन्हा वाटीन. बुलडोझरनं घरं पाडण्याच्या विरोधात निकाल देणारे तेच आहेत, हे मी विसरत नाही. पण तो शेरा वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. कारण मोटारसायकलवाल्याची ती ओळ आता आपल्या माणसाच्या तोंडून आली होती, आणि सगळ्यात उंच खुर्चीवरून. त्यांच्यावर आगपाखड करायचा मला अधिकार नाही, कारण दोनच महिन्यांनी एप्रिलमध्ये आमच्या चौकात मी त्याच अर्थाचं कडवं जुळवून बोललो होतो, आणि यंदा कविसंमेलनात तेच पुन्हा वाचलं. आपल्यातले जे साहेब झाले, शिक्षक झाले, बँकेत गेले, त्यांच्या बैठकीतही मी हे ऐकतो : ‘वस्तीतली लोकं सुधारणार नाहीत, फुकटची सवय लागलीय.’ ज्यांची पुस्तकं, फी, वसतिगृहातलं जेवण अनुदानातून आलं, तेच हे म्हणतात. जिना चढून वर गेल्यावर तो मागं ओढून घ्यायचा, ही काही आपली चळवळ नव्हे.

माझा एक दोस्त, चांगला कार्यकर्ता, ह्यावर मला अडवतो. तो म्हणतो, "तू पैशाची बाजू घ्यायलास. अरे, दीड हजार टाकले नि मतं उचलली. आपली बाई आता मोर्चाला येत नाही, हप्ता बंद होईल म्हणून भिती." त्याचं म्हणणं खोटं नाही. आमच्या शेजारची म्हणालीच होती, "भावानं ओवाळणी घातली, मग भावाला मत द्यावंच लागंल की." पण मग टीका घेणाऱ्या बाईवर का? ‘बहीण’ ह्या शब्दावर करा. बहीण म्हणलं की भाऊ आला, भाऊ आला की ओवाळणी आली, आणि ओवाळणी भावाच्या मर्जीवर. रुसला तर देणार नाही, आणि बहिणीनं भांडायचं नसतं. ती योजना 28 जून 2024 च्या एका शासन निर्णयानं आली, दुसऱ्या शासन निर्णयानं जाऊ शकते. 1977 ची हमी मात्र विधिमंडळानं केलेला कायदा होता. कुणाची माया आटली म्हणून कायदा आटत नाही, तो मोडायला पुन्हा सभागृहात जावं लागतं, तिथं निदान कुणीतरी उठून बोलतो. आपण मागायचं ते हे, की आत्याचा पैसा ओवाळणीतून काढून कायद्यात घाला. माझं कडवं तर तो पैसाच नको म्हणत होतं.

आणि कडव्यातला ‘काम द्या, काम’? कसलं काम, कुणी द्यायचं, काय भावानं, हे त्या ओळीत कुठं आहे? मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नव्हते. धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपल्या थुंकीनं तो बाटला असता. विणकराचा पगार जास्त. आपली माणसं रिंगखात्यात, कमी पगारात. 1928-29 च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न धरून लावला होता. संपवाले पुढारी ‘कामगारांचं राज्य’ म्हणत होते, आणि हे विचारत होते, कुठल्या खात्यात? 1936 साली त्यांनी लिहिलं की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, त्याचा अर्थ मला पुस्तकातून कळायच्या आधी रिंगखात्यात कळला. आमच्या गिरणीत आता थुंकीचा प्रश्न नाही, धागा मशीन ओढतं. पण संडास कोण साफ करतं, ऑफिसात कोण बसतं आणि बदली कामगार म्हणून गेटवर कोण उभं राहतं, त्यांची आडनावं मोजून बघा. ‘मनगटाला काम द्या’ अशी कविता लिहिली की देणारा खूश होतो. त्याच्याकडं गटार उपसायचं काम कधीही तयार असतं.

म्हणून ते कडवं मी वहीत काट मारून ठेवलं आहे, फाडलेलं नाही. त्याच्या जागी दुसरं अजून सुचलेलं नाही. आत्यावर लिहायला बसलो की गुडघा येतो, बँकेचा ओटा येतो, पण यमक येत नाही. संपादकांनी पुढच्या अंकाला कविता मागितली आहे, त्यांनी वाट बघावी.

परवा आत्या एक कागद घेऊन आली. हयातीचा दाखला. ती जिवंत आहे असं दर वर्षी लिहून द्यावं लागतं. म्हणाली, "वाच की, काय लिव्हलंय." मी वाचून दाखवलं : सदर लाभार्थी हयात आहे. ती म्हणाली, "म्या हितं बसलीय ते दिसंना का त्येंला?" अंगठ्याची शाई घरात नव्हती. सोमवारी माझी सुट्टी आहे, तिला घेऊन तहसीलला जायचंय. सकाळी लवकर निघावं लागेल, रांग मोठी असते.